सिअ‍ॅटलच्या ‘पी-पॅच’ बागेतील स्वयंसेवा: एका हंगामानंतरचा अभिप्राय

‘पी-पॅच’ हा अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचा सामुदायिक बागांचा उपक्रम. त्यातील ‘पी’ हा पिकार्डो या इटालियन वंशाच्या शेतकरी कुटुंबाच्या नावाचा आहे. त्यांच्या जमिनीवर १९७३ मध्ये शहराने हा उपक्रम सुरू केला. या बागांत रहिवाशांना वार्षिक शुल्क भरून घरच्या भाजीसाठी वाफा मिळतो, आणि अनेक बागांत काही वाफे केवळ फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना मोफत अन्न वाटणाऱ्या संस्थेसाठी, राखलेले असतात. अशाच एका बागेत, स्वतःचा वाफा न घेता, मी मे ते ऑक्टोबर दर शनिवारी काम केले.

बागकाम शिकायला येणाऱ्याची येथे थोडी निराशा होईल, कारण बहुतेक वेळ काढणीतच जातो. पालेभाजी ऊन चढण्याआधी कापायची, गार पाण्यात बुडवून काढायची, जुड्या बांधून वजन वहीत नोंदवायचे आणि त्याच दिवशी वाटप असल्याने दहाच्या आत माल पोहोचवायचा, हा क्रम एकदाही चुकला नाही. जे पान आपण आपल्या घरी शिजवणार नाही ते क्रेटमध्ये न जाता खतात जाईल, हा समन्वयक बाईंचा नियम मला सर्वांत आवडला. मंडईत मेथीच्या जुड्या निवडत वाढलेल्या माणसाला केल या पालेभाजीची जाड देठांची जुडी बांधताना हसू येते, पण हात लवकर बसतो.

उणिवा दोन. सिअ‍ॅटल पावसाचे म्हणून प्रसिद्ध असले तरी जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात, आणि नेमके तेव्हाच स्वयंसेवक सुटीवर असतात; पाण्याची पाळी दोघातिघांवर आली आणि लेट्यूसचा अख्खा वाफा फुलावर जाऊन कडू झाला. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे: काय लावायचे हे बागेतली मंडळी ठरवतात, भाजी नेणारी कुटुंबे नाहीत. झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भोपळ्याच्या कुळातली भाजी) पुरे, असे फूड बँकेने तीनदा नम्रपणे कळवले, तरी ती येतच राहिली. लोक मात्र कोथिंबीर आणि मिरच्या मागत होते.

स्वयंसेवकाला शुल्क नाही, अवजारे आणि हातमोजे तिथेच मिळतात, बूट मात्र आपले न्यावेत. पुढच्या हंगामाच्या आराखड्यात कोथिंबिरीला एक वाफा मिळाला आहे. रासायनिक औषधे येथे चालत नाहीत, त्यामुळे बिनशंखाच्या गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतील, आणि त्या पाळीच्या यादीत तूर्त माझे एकट्याचे नाव आहे.