"तुमचं मेटाबॉलिझम बंद पडलंय" असं सांगून माझे ६१ हजार घेतले, नाशिककरांनो वाचा

हे लिहू की नको करत बरेच महिने गेले. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण खरं टोचतं ते हे की माझ्या धाकट्या नणंदेला मीच हाताला धरून तिथे नेलं. तिचेही ३०,८०० गेले आणि वर तब्येतीचा त्रास झाला तो वेगळाच. ज्यांनी माझ्यासारखी वर्षानुवर्षं डाएट केलीत त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण ही माणसं आपल्यासारख्यांनाच शोधत असतात.

माझं वय ४३, उंची १५७ सेंटीमीटर, तेव्हा वजन ७८ किलो. पहिलं बाळंतपण २००८ चं, तेव्हापासून काही ना काही चालूच आहे, आठवड्याचं फळं-भाज्यांचं डाएट झालं, भात-पोळी बंद करायचं केटो झालं, दिवसातून दोनदाच जेवायचं झालं, संध्याकाळी सातनंतर पाणी सोडून काही नाही तेही वर्षभर केलं. दरवेळी पाच-सहा किलो उतरायचं आणि पुढच्या वर्षभरात सात-आठ चढायचं. शेवटी शेवटी तर मी मनाशी हिशोब करायचे की मी १२०० कॅलरीच खातेय, तरी काटा हलत नाही, म्हणजे माझ्या शरीरातच काहीतरी बिघडलंय. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण त्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं.

इंदिरानगरच्या आमच्या भिशीत एकीने सांगितलं की कॉलेज रोडला एक वेलनेस सेंटर आहे, बॉडी चेकअप फ्री आहे, चल. गेलो दोघी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, आणि एक कोच म्हणून तिशीतल्या मॅडम, बोलायला अतिशय गोड. अनवाणी मशीनवर उभं केलं, हातात दोन दांड्या दिल्या, मिनिटभरात पावती बाहेर. त्यावर लिहिलेलं मेटाबॉलिक एज ६१, म्हणजे कॅलरी जाळण्याच्या बाबतीत माझं शरीर ६१ वर्षांच्या बाईसारखं झालंय म्हणे.

मग त्या म्हणाल्या, "ताई, तुमची चूक नाहीये हो. इतकी वर्षं कमी खाल्लंत ना, त्यामुळे बॉडी स्टार्व्हेशन मोडमध्ये, म्हणजे उपासमारीच्या अवस्थेत गेलीय, मेटाबॉलिझम बंद पडलंय, शरीर कॅलरी जाळतच नाहीये. आता तुम्ही हजार कॅलरी खाल्ल्या तरी त्याची चरबीच होणार."

मी तिथे रडले. खरंच रडले. पंधरा वर्षं सासर-माहेर, डॉक्टर, शेजारी सगळ्यांनी मला हेच ऐकवलं की तू जास्त खातेस, तोंडावर ताबा ठेव, आणि ही पहिली बाई जी म्हणाली की तुझी चूक नाही. त्या क्षणी तिने लाख मागितले असते तरी मी दिले असते. मशीन, पावती, फोटो हे सगळं नंतरचं, माझे पैसे त्या एका वाक्यावर गेले.

मोबाईलवर त्यांनी एक अभ्यासही दाखवला, अमेरिकेतल्या वजन कमी करण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा, २०१६ साली छापून आलेला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनीसुद्धा त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं असं त्यात आहे. हा अभ्यास खरा आहे, मी नंतर तपासलं. पण त्या लोकांनी ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवले होते हे मॅडमनी सांगितलं नाही. माझं आयुष्यात एका वेळी सहाच्या वर कधी उतरलं नाही. अर्धं खरं सांगून फसवलं की माणसाला शंका पण येत नाही.

पॅकेजचं नाव मेटाबॉलिझम रीसेट. २४,००० रुपये, तिथल्या तिथे फोनवर ईएमआय करून दिला. शेकची पावडर महिन्याला ६,८०० ची, ती दोन महिने घेतली. डिटॉक्स चहा १,४५० चा एक असे चार डबे. दोन वेळा पाण्यातला शेक आणि दुपारी एक भाकरी नि वाटीभर भाजी, सगळं मिळून दिवसाला ७०० कॅलरींच्या आतच असणार. म्हणजे बघा, कमी खाल्ल्यामुळे बिघडलंय म्हणायचं आणि उपाय म्हणून आणखी कमी खायला घालायचं! तेव्हा हे माझ्या डोक्यात आलंच नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते मी, दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब तपासते.

पहिल्याच आठवड्यात ३ किलो गेलं. आता कळतंय की त्यात बरंचसं पाणी होतं. शरीरात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, खाणं तोडलं की आधी तेच जातं. चरबीचा एक किलो म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी, त्या हिशोबाने आठवड्यात ३ किलो चरबी घालवायला रोज ३,३०० ची तूट लागेल, आणि माझं शरीर दिवसाला तेवढं जाळतच नाही. पण काटा खाली जाताना कोण हिशोब करतंय. पाच आठवड्यांत ५.८ किलो. त्याच आनंदात मी नणंदेला म्हटलं, अगं तू पण चल, तिच्याकडून मला पुढच्या पावडरवर डिस्काउंट मिळणार होता हेही इथे खरं ते सांगते.

सहाव्या आठवड्यापासून काटा थांबला. मुंबई नाक्याला रिक्षाची वाट बघताना एकदा डोळ्यापुढे अंधारी आली, एका फुलवालीने बसवलं, पाणी दिलं. तिसऱ्या महिन्यात केस पुंजक्याने गळायला लागले. मॅडम म्हणाल्या, "रीसेट झालंय, आता रिपेअर फेज घ्यावी लागेल, नाहीतर सगळं डबल होऊन परत येईल." त्याचे १८,०००. त्यात काय, तर रोजच्या खाण्यात दर आठवड्याला ५० कॅलरी वाढवायच्या आणि त्यांनी फोनवर सांगायचं की आता किती. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. फोडणीत हात जरा सैल पडला की ती ५० ची पायरी तिथेच संपली. घरच्या स्वयंपाकात जी गोष्ट धड मोजतासुद्धा येत नाही, तिचे माझ्याकडून १८ हजार घेतले.

मग नणंदेचं झालं. रात्री दोनला पोटात उजवीकडे वरच्या बाजूला कळ, उलट्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यामुळेच झाले असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण इतकं कमी खाऊन झपाट्याने वजन उतरवलं की खड्यांचा धोका वाढतो हे माहीत असलेलं आहे, आणि असं डाएट डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचंच नसतं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. "वहिनी, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं" एवढंच म्हणाली. बोलली असती तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिच्या मिस्टरांनी आमच्या सगळ्या पावत्या टेबलावर मांडल्या. माझी पहिली पावती: उंची १५२, वय ४८. माझी दोन महिन्यांनंतरची पावती: उंची १५७, वय ४३. नणंदेच्या पहिल्या पावतीवरही उंची ५ सेंटीमीटर कमी आणि वय ५ वर्षं जास्त! हे मशीन पायातून-हातातून बारीक करंट सोडतं, किती अडथळा येतो ते मोजतं, आणि मग उंची, वय, वजन घालून चरबीचा नुसता अंदाज काढतं. आत आकडे चुकीचे टाकले की बाहेर आकडे भयंकर येणारच. शिवाय पहिली टेस्ट संध्याकाळी, जेवण-चहा झाल्यावर, दुसरी सकाळी सातला उपाशीपोटी, आणि शरीरात पाणी किती आहे त्यानेसुद्धा रीडिंग बदलतं. माझं मेटाबॉलिक एज ६१ वरून ४९ झालं म्हणून मी घरी पेढे आणले होते.

पावडरची दुसऱ्या महिन्याची पिशवी डब्यातली नव्हती, झिपवाली साधी पिशवी, वर स्टिकर. खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, परवाना नंबर असतो तो १४ आकडी. स्टिकरवरचे आकडे मी चार वेळा मोजले, १३ च भरले.

पैसे परत मागायला गेले तर मॅडमचा आवाजच वेगळा. "ताई, तुम्ही प्लॅन नीट फॉलो केला नसेल." बिलावर कुठेही डाएट, सल्ला, उपचार असा शब्द नाही, फक्त मेंबरशिप फी, नॉन-रिफंडेबल. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॅप ग्रुपमधून मला काढलं. तुमचं शिक्षण काय हे मी सगळ्यात शेवटी विचारलं, जे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. भिंतीवरचं सर्टिफिकेट तीन दिवसांच्या ट्रेनिंगचं होतं.

शेक बंद केल्यावर दीड महिन्यात चार किलो परत आलं. मग एका हॉस्पिटलमधल्या डाएटिशियनकडे गेले, फी ६०० रुपये. त्यांनी काहीच विकलं नाही. घरचा तराजू घे म्हणाल्या आणि दोन आठवडे जसं खातेस तसंच खा, फक्त सगळं वजन करून लिही, चाखलेलं पण. माझ्या मनात १२००, कागदावर सरासरी १८५० निघाले. आमच्याकडे चौघांत महिन्याला ४ किलो तेल लागतं, म्हणजे माणशी रोज ३३ ग्रॅम, म्हणजे एकट्या तेलाच्याच ३०० कॅलरी. भाजीतलं शेंगदाण्याचं कूट, ऑफिसचे चार चहा, मुलीच्या ताटातलं उरलेलं, रविवारची मिसळ आणि वर तिची एक्स्ट्रा तर्री, हे माझ्या मनातल्या हिशोबात कधी आलंच नव्हतं.

मला फार अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. म्हणजे शेवटी सगळे म्हणायचे तेच खरं, की मी जास्त खाते? पण त्या म्हणाल्या, अगं तू खोटं बोलत नव्हतीस, १९९२ साली अमेरिकेत अशाच लोकांवर अभ्यास झाला होता, आम्ही १२०० च्या आत खातो तरी उतरत नाही म्हणणाऱ्यांवर, आणि नीट मोजल्यावर ते सांगतात त्याच्या जवळपास दुप्पट खातायत असं निघालं, आणि त्यांचं मेटाबॉलिझम ठीकच होतं. मनाने धरलेला हिशोब सगळ्यांचाच चुकतो. आणि हेही सांगितलं की पुन्हा पुन्हा डाएट करून, वजन उतरवून शरीराचा खर्च थोडा कमी होतो हे खरं आहे, पण बंद पडत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून तपासलं होतं, रोज साधारण १५७० कॅलरी आणि वर भरपूर चालणं. त्यांचं शरीर खूप मंदावलं, पण एवढं होऊनही कोणाची चरबी वाढली नाही, उलट वजनाचा जवळपास चौथा हिस्सा गेला. हजार कॅलरीची चरबी होते हे मला ऐकवलं होतं ते असं उघडं पडलं.

आता काय करते ते थोडक्यात. वय-उंची-वजनाच्या फॉर्म्युल्याने (तेव्हा वजन ७६) नुसतं पडून राहायला दिवसाला १३६५ कॅलरी, माझ्या हालचालीला धरून १८७५ च्या आसपास. त्यांनी १५०० वर ठेवलं. रोज वजन, पण बघायची फक्त आठवड्याची सरासरी, कारण पाळीच्या आधी, हॉटेलात खाल्ल्यावर काटा एक-दीड किलो उगाच वर जातो. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही तरच १००-१५० कमी करायच्या, आधी नाही. कागदावर महिन्याला दीड किलो जायला हवं, प्रत्यक्षात माझं साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास जातं. त्या म्हणाल्या, फॉर्म्युला हा अंदाज आहे, तुझं शरीर थोडं कमी जाळतं, थोडं मोजणं चुकतं, आता तुझा स्वतःचा आकडा हाच खरा. दिवाळीत दोन आठवडे मुद्दाम १८०० वर नेलं, ९०० ग्रॅम वाढलं, मी घाबरले, दहा दिवसांत आपोआप गेलं. सात महिन्यांत ७६ चं ७१.५ झालंय. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालते, केस परत यायला लागलेत.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार द्यायची तयारी चालू आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आधी १९१५ ला फोन केला तर मार्गदर्शन मिळतं. माझ्याकडे पावत्या आहेत, चॅट आहेत, ती स्टिकरवाली पिशवी पण ठेवलीय. तुम्ही कुठेही पैसे भरले असतील तर एकही कागद टाकून देऊ नका.

कॉलेज रोडचा बोर्ड उतरलाय. मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एकीने मला पावतीचा फोटो पाठवला, पाथर्डी फाट्याला नवीन सेंटर उघडलंय, नाव वेगळं, चेकअप फ्री, मेटाबॉलिक एज ५८ आलंय गं, खूप टेन्शन आलंय. मी लगेच फोन लावला आणि आधी उंची विचारली. १६० म्हणाली. पावतीवर १५५ होती.