उंटावरून शेळ्या हाकताना: जीफोर्स नाऊचे माझे आठ महिने

माझा लॅपटॉप २०१७चा आहे. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. त्याच लॅपटॉपवर मी गेले आठ महिने सायबरपंक २०७७ हा गेम खेळते आहे, आणि पंखा जेमतेम ऐकू येतो. कारण गेम माझ्याकडे चालतच नाही, तो चालवते एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स नाऊ ही सेवा. मी राहते जर्मनीत स्टुटगार्टला, गेम चालतो फ्रँकफर्टच्या एका सर्व्हरवर, आणि माझ्या पडद्यावर येतो तो फक्त त्याचा व्हिडिओ. अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं.

आधी फुकटचा प्लॅन घेऊन पाहिला. त्यात जाहिराती बघायच्या, रांगेत थांबायचं आणि तासाभरात खेळ बंद. लेक झोपल्यावर साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ माझा. त्यातला अर्धा रांगेत घालवायला मी काही रेशनच्या दुकानात आलेली नाही. मग महिन्याला १०.९९ युरोचा प्लॅन घेतला. यात एका बैठकीत सहा तास आणि महिन्याला शंभर तास मिळतात. शंभर तासांच्या मर्यादेवरून इंटरनेटवर लोक फार चिडलेले दिसतात. माझे पंचवीससुद्धा होत नाहीत. नोकरी आणि पोर सांभाळून ज्याचे शंभर तास संपतात, त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

पहिला आठवडा मात्र वैतागात गेला. गाडी वळवायला बटण दाबावं तर ती आधी भिंतीवर आदळायची आणि मग वळायची. स्पीड टेस्ट शंभर एमबीपीएस दाखवत होती, म्हणून मी सेवेलाच शिव्या घातल्या. दोष निघाला आमच्या वायफायचा. राउटर हॉलमध्ये, मी बेडरूममध्ये, आणि मध्ये स्वयंपाकघरात नवऱ्याचा मायक्रोवेव्ह दूध गरम करतोय. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात. गेममध्ये पुढचं चित्र तुम्ही आत्ता काय दाबलं यावर ठरतं, त्यामुळे साठवणार काय? सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ. म्हणून नुसता वेग असून भागत नाही, तो सलग लागतो. शेवटी पंधरा मीटरची लॅन केबल भिंतीच्या कडेनं ओढली आणि त्रास संपला. सासूबाई आल्या होत्या, त्यांना वाटलं कपडे वाळत घालायला दोरी बांधली आहे.

केबल लावूनही चित्र अगदी अस्सल नसतं. धुकं, पाऊस, अंधारी गल्ली अशा ठिकाणी पडद्यावर चौकोनी ठिपके उमटतात. शोध घेत, गप्पा मारत खेळायच्या गेमला ते चालून जातं. दुसऱ्या माणसाशी नेमबाजीची चुरस असेल, तर मी यावर पैसे लावणार नाही.

पैशांचं म्हणाल, तर चांगला गेमिंग पीसी हजार युरोंच्या खाली मला कुठे दिसला नाही. शिवाय इथली वीज महाग. चारशे वॅटचा पीसी पंचवीस तास चालला की दहा युनिट, म्हणजे साडेतीन युरोंच्या आसपास. पण एक गोष्ट नीट समजून घ्या: इथे गेम मिळत नाहीत, मिळतं ते भाड्याचं यंत्र. सायबरपंक मी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून सेलमध्ये वेगळा विकत घेतला. आणि तुमच्याकडे असलेला प्रत्येक गेम इथे चालेलच असं नाही. २०२०मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड आणि बेथेस्डा या गेम कंपन्यांनी आपले गेम इथून काढून घेतले होते. तरी मला ही पद्धत गूगलच्या स्टेडिया या अशाच सेवेपेक्षा बरी वाटते. तिथे गेमही त्यांच्याकडूनच घ्यायचे होते आणि १८ जानेवारी २०२३ला दुकानच बंद झालं. गूगलनं पैसे परत केले, हे त्यातल्या त्यात नशीब.

पुण्याहून भाऊ विचारत होता, "ताई, तुझ्याच खात्यावर मी खेळू का?" त्याला म्हटलं, अरे, फ्रँकफर्ट तिथून साडेसहा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल सरळ रेषेत असती तरी नुसत्या जाण्यायेण्यात पासष्ट मिलिसेकंद गेले. एनव्हिडिया ऐंशीच्या आत मागते, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ जात नाहीत. डेटा बघ: पंचवीस एमबीपीएसनं तासाला अकरा जीबी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा खेळ परवडायचा नाही.

डिसेंबरात आम्ही भारतात येतोय, म्हणून या महिन्याचे पैसे भरलेले नाहीत. खेळ स्टीमवर जिथल्या तिथे थांबलेला आहे. केबल गुंडाळून कपाटावर ठेवली आहे.