परीक्षण चित्रप्रदर्शनाचे लिहावे की मांडणशिल्प-व्हिडिओचे?

जळगावहून मुंबईला जाऊन एका दिवसात एकाच प्रदर्शनाचे परीक्षण लिहायचे असेल, तर चित्रे निवडावीत की मांडणशिल्प (म्हणजे दालनाच्या जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती, इन्स्टॉलेशन) आणि व्हिडिओ, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडत असे. पहाटे गाडीतून उतरायचे, अकराला दालन उघडेपर्यंत काळा घोडा परिसरात चहा घेत वेळ काढायचा आणि रात्रीची परतीची गाडी गाठायची, असा ज्याचा दिवस असतो, त्याच्यासाठी हे लिहीत आहे.

मांडणशिल्पाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जहांगीर कलादालनातले प्रदर्शन बहुधा मंगळवार ते सोमवार एवढेच असते, त्यामुळे आपल्याकडच्या नियतकालिकात मजकूर छापून येईपर्यंत चित्रे भिंतीवरून उतरलेली असतात. संग्रहालयांतली मोठी प्रदर्शने मात्र कित्येक आठवडे चालतात आणि वाचकाला आपले म्हणणे स्वतः पडताळता येते. शिवाय चित्रकार नलिनी मलानी यांनी २०१२ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या रंगवलेल्या फिरत्या दंडगोलांच्या सावल्या व्हिडिओत मिसळल्या, तशा कामाला रेषा आणि रंगलेपनाची परिभाषा पुरत नाही. लिहिणाऱ्याचा त्यात कस लागतो, हे मी नाकारत नाही.

तरीही माझे पारडे चित्रांकडे झुकले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीमुळे: व्हिडिओ किती मिनिटांचा आहे, हे नावपट्टीवर अनेकदा लिहिलेलेच नसते. एका दालनात मी अंधाऱ्या खोलीत शिरलो तेव्हा पडद्यावर एक बाई विहिरीत दोर सोडत होती. असे व्हिडिओ संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे ही सुरुवात की शेवट, हे कळायला मार्ग नव्हता. बसायला बाक नाही, शेजारच्या खोलीतला भोंगा मध्येच आत घुसतो, अशा स्थितीत पंचवीस मिनिटे उभा राहिलो, पण ती बाई काही पुन्हा आली नाही. अखेर घड्याळ पाहून निघालो. परीक्षणात त्या दोरावर एक अख्खा परिच्छेद लिहिला आणि नंतर कळले, की ते काम पाऊण तासाचे होते व शेवटी तो दोर कापला जातो. निम्मे काम न पाहता आपण मत छापले, ही बोच अजून गेलेली नाही.

चित्रापुढे, निदान माझ्या अनुभवात, असे होत नाही. दुपारी जेवून परत यावे, तर चित्र जागेवरच असते. अजिंठ्याच्या लेण्यांत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायची सवय आम्हा जळगावकरांना शाळेच्या सहलींपासूनच लागते. तिथे थांबले की हळूहळू दिसू लागते.

छायाचित्रे हा मधला मार्ग. काचेवर दिवे चमकतात, एवढीच तक्रार. सरावासाठी चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या राहत्या घरातल्या संग्रहालयात त्यांची टेबल-टॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेली) छायाचित्रे पाहावीत, मुंबईचे भाडेही वाचते.

मुंबईत मुक्कामाची सोय असेल, तर मांडणशिल्प अवश्य निवडावे. मात्र आत शिरण्यापूर्वी दारावरच्या माणसाला व्हिडिओची लांबी विचारून घ्यावी.