भुरीसाठी बॅसिलस सबटिलिस : हंगामभर वापरल्यानंतर

द्राक्षावर बॅसिलस सबटिलिस हे जिवाणूंचं औषध हंगामभर वापरलं. भुरी या बुरशीच्या रोगावर त्याच्या कामाने मी समाधानी आहे. डाऊनीसाठी (केवडा रोगासाठी) मात्र एकट्या याच्या भरवशावर राहू नका, हे आधीच सांगतो.

फरक रोगाच्या वाढण्यात आहे. भुरीची बुरशी पानाच्या आणि मण्याच्या वरच पसरते, अन्नरस ओढायला तेवढे बारीक अवयव सालीच्या पेशीत खुपसते. त्यामुळे पानावरच्या जिवाणूंच्या ती तावडीत सापडते. इट्युरिन, फेंजायसिन ही त्यांनी सोडलेली द्रव्यं बुरशीच्या पेशीचं पातळ आवरण फोडतात. डाऊनी पर्णरंध्रातून आत शिरून पानाच्या आतच वाढते, तिथे हे पोहोचत नाहीत.

म्हणूनच फवारणी रोग दिसायच्या आधी हवी. दाट कॅनॉपीच्या (पानोऱ्याच्या) एका ओळीत आतले घड उचलून पाहिले, तर देठांवर राखाडी पट्टे आलेले होते. तिथे बॅसिलस पुन्हा मारूनही भुरी हटली नाही; गंधक मारलं, घडांभोवतीची पानं काढून हवा खेळती केली, तेव्हा कुठे थांबली. शेजारच्या मोकळ्या ओळींत, जिथे जिवाणू आधीपासून होते, घड शेवटपर्यंत स्वच्छ राहिले.

फुलोऱ्यापासून मणी धरल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांपर्यंत मणी भुरीला सर्वांत लवकर बळी पडतात. त्या काळात मी गंधक आणि नेहमीची बुरशीनाशकं सोडली नाहीत, पुढेही सोडणार नाही. पण नंतर, विशेषतः काढणी जवळ आल्यावर, जिवाणूंइतका निर्धास्त पर्याय मला दुसरा दिसत नाही. रासायनिक अंशाची धास्ती नाही, आणि एकाच गटातलं औषध पुन्हा पुन्हा मारून भुरी त्याला सरावते, तेही टळतं.

नवी पानं फुटतात ती उघडीच असतात, म्हणून वाढीच्या काळात सात ते दहा दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. मजुरी धरली तर हा या उत्पादनाचा खरा जाच. फवारणी संध्याकाळी करावी, कारण ऊन आणि अतिनील किरण जिवाणूंना मारक. क्लोरीनचं पाणी टाळावं. तांबं त्याच टाकीत मिसळू नये.

भुकटीपेक्षा द्रवरूप बरं वाटलं. भुकटी नीट विरघळत नाही, नोझलची जाळी तुंबते, आणि मण्यात पाणी भरल्यावर फवारली तर सालीवरच्या मेणचट थरावर पांढरे ठिपके राहतात. खाण्याच्या द्राक्षाला ते चालत नाहीत. भुकटीच वापरायची तर बादलीत आधी पातळ करून फडक्याने गाळून टाकीत ओता. विकत घेताना बाटलीवरचा सीएफयूचा (जिवंत जिवाणूंच्या संख्येचा) आकडा आणि मुदतीची तारीख वाचा, आणि बाटली उन्हात ठेवलेली असेल तर घेऊच नका.