रेषेची चौकट: सरळ की तिरकी?

मुंबई लोकलचा नकाशा पडद्यावर काढताना प्रत्येक रेषेला चौकट (रेषा पूर्ण सामावणारा न दिसणारा आयत; बोट कुठे टेकलं आणि कोणता भाग पुन्हा रंगवायचा, हे त्यावरून ठरतं) कोणती द्यायची, हे आधी ठरवावं. अक्षांना समांतर चौकट सोपी: सगळ्या बिंदूंचे किमान-कमाल क्ष आणि य घ्या, झालं. चर्चगेट–विरार बरीचशी उभी, तिथे ती छान बसते. सीएसएमटी–कल्याण मात्र ईशान्येला झुकते, आणि तिच्या चौकटीत वाशीसुद्धा येतं! हार्बर मार्गावरच्या वाशीवर बोट टेकलं आणि मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग निवडला गेला, तर वापरणाऱ्याने काय समजायचं?

इथे प्रत्येक तुकड्याबरोबर फिरवलेली चौकट उजवी. १०० बाय १०० पिक्सेलच्या कर्णावरची, गोल टोकांची, १० पिक्सेल जाड रेषा घ्या: सरळ चौकट १२,१०० चौरस पिक्सेल, तिरकी जेमतेम १,५१४.

पण दोन सरळ चौकटी एकमेकींवर येतात का, हे चार तुलनांत कळतं. तिरक्यांना चार अक्षांवर प्रक्षेप (सावल्या) काढावे लागतात. म्हणून पुन्हा रंगवायचा भाग ठरवायला सरळ, बोटासाठी तिरकी, असं माझं मत.

रेषेची निम्मी जाडी मात्र दोन्हींत धरा. एसव्हीजी या वेबवरच्या चित्रप्रकारातलं गेटबीबॉक्स (getBBox, चौकट काढून देणारं फंक्शन) ती एरवी धरत नाही, त्यामुळे आडव्या रेषेची उंची चक्क शून्य येते. टोकदार सांध्यांना तर त्याहूनही जास्त जागा लागते.