कमरेचा पट्टा: चार महिन्यांच्या वापरानंतर

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात विद्युत पॅनेल जोडण्याच्या लाइनवर मी सहा वर्षांपासून उभ्याने काम करतो. कमरेचे दुखणे असह्य झाल्यावर फेब्रुवारीत तालुक्याच्या गावी मेडिकलमधून साडेसहाशे रुपयांचा हा पट्टा आणला आणि चार महिने कामावर रोज बांधला.

पट्टा दणकट आहे. मणक्याच्या दोन्ही अंगांना लवचिक पट्ट्या शिवलेल्या असून ओढून घट्ट करण्याची सोयही चांगली आहे. मात्र कापसाच्या शेवटच्या वेच्याला तो बांधूनच शेतात गेलो, तेव्हा वेल्क्रोत सरकीचे तंतू असे रुतले की ते रात्री सुईने उपसून काढावे लागले, आणि तेव्हापासून त्याची पकड कमी झाली ती झालीच. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना पत्र्याच्या शेडखाली तो बांधून राहणे म्हणजे कमरेभोवती घामोळ्यांचे कडे घालून घेणे होय.

आता मुख्य मुद्दा. पट्ट्याने वाकताना आवर घातला जातो, त्यामुळे पहिल्या महिन्यात कमरेची कळ कमी झाली. पण मान आणि उजवा खांदा भरून येऊ लागला. कारण शोधायला मेजपट्टी पुरली. आमचे टेबल ३४ इंच उंच आहे आणि उभे राहिल्यावर माझे कोपर ४३ इंचांवर येते. हाताने करायच्या हलक्या जोडणीचे काम कोपराच्या जरासेच खाली असावे लागते. माझे नऊ इंच खाली होते. कमरेतून वाकायचे नाही म्हटल्यावर मी मान घालून, खांदे ओढून काम करत होतो. शेजारी काम करणाऱ्या ताईंची उंची जेमतेम पाच फूट, त्यांना तेच टेबल अगदी बेताचे पडते.

सुपरवायझरसाहेबांना हे मोजून दाखवले, तेव्हा मेंटेनन्सच्या मुलांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्या फिक्स्चरखाली, म्हणजे जोडणीचे काम पकडून ठेवणाऱ्या साच्याखाली, सहा इंचांची लोखंडी चौकट बसवली. पंधरा दिवसांत मान मोकळी झाली आणि पट्टा घरी राहू लागला. बसण्याचे मात्र अजून जमलेले नाही. उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४४ मध्येच केलेली होती. आमच्या बारा जणांच्या लाइनवर एक स्टूल आहे, आणि त्यावर स्क्रूचे खोके ठेवलेले असते.

अमेरिकेतील नायॉश या सरकारी संशोधन संस्थेनेही १९९४ मध्ये, दुखापत नसलेल्या कामगारांना असे पट्टे इजेपासून वाचवतात याला पुरेसा पुरावा नाही, असाच निष्कर्ष काढला होता. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी सांगितला असेल तर हा पट्टा जरूर घ्यावा. एरवी साडेसहाशे रुपये खर्चण्यापूर्वी टेबल मोजावे. माझा पट्टा सध्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांकडे आहे, आणि वेल्क्रोची तक्रार त्यांचीही आहे.