दाढ भरायची: चांदी की दाताच्या रंगाचं?

समोरचा दात असेल तर वाद नाही, तिथे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिटच. प्रश्न येतो तो मागच्या दाढांचा, त्यातही दोन दाढांच्या फटीतून लागलेल्या किडीचा. माझ्या तोंडात दोन्ही आहेत. खाली डावीकडे जुनी चांदी, उजवीकडे कॉम्पोझिट, आणि दोन्हीकडे कीड फटीतूनच लागलेली.

कॉम्पोझिटची खरी जमेची बाजू मला रंगापेक्षा वेगळीच वाटते. चांदी दाताला चिकटत नाही. ती निसटू नये म्हणून आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरतात, त्यात थोडा चांगला दातही जातो. कॉम्पोझिट मात्र आम्ल आणि बाँडिंग लावून चिकटवतात, त्यामुळे किडलेलं तेवढंच काढून भागतं. कीड लहान असेल तर चांदीचा विचार मीही करणार नाही.

कीड मोठी आणि फटीतली असली की गणित बदलतं. चिकटवायचं म्हणजे जागा कोरडी हवी, आणि खालच्या दाढेपाशी लाळ, जीभ, गाल सगळेच मध्ये येतात. शिवाय निळ्या प्रकाशात कडक होताना कॉम्पोझिट जरा आकसतं, म्हणून ते साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरावं लागतं. घाईच्या दवाखान्याचं हे काम नव्हे.

माझ्या उजव्या दाढेतलं भरण इतकं बेमालूम आहे की आरशात शोधून सापडत नाही. मेथीच्या काडीला मात्र बरोबर सापडतं! शेजारच्या दाढेला ते नीट टेकलेलंच नाही, केसभर फट राहिली आहे. मटणाचा धागा, आंब्याची रेषा, कोथिंबिरीचं पान, जे असेल ते तिथे जाऊन बसतं. हिरडीवर दाब येतो, धड दुखत नाही आणि धड विसरताही येत नाही. लग्नाच्या पंगतीत तोंडावर हात धरून काडी फिरवत बसणं तर नेहमीचंच झालं आहे.

असं का होतं ते एका डॉक्टरांनी नंतर समजावलं. चांदी मऊ असताना ठासून भरतात. त्या दाबाने भोवतीची पातळ पट्टी शेजारच्या दाढेवर रेटली जाते आणि भरण घट्ट टेकतं. कॉम्पोझिट तसं ठासता येत नाही. त्याला बाकदार पट्टी, फटीत पाचर आणि दोन दाढा किंचित दूर सारणारी रिंग लागते. हे सगळं मन लावून करणारे डॉक्टर आहेतच, मला ते तेव्हा भेटले नाहीत इतकंच.

डावीकडच्या चांदीचं कौतुक करावं असं रूप नाही. काळपट दिसते, सुरुवातीला गार पाण्याने झिणझिण्या यायच्या, आणि टॉफीचा चंदेरी कागद चुकून चावला गेला तर विजेचा झटका बसतो. पण तिथे काही अडकत नाही.

पाऱ्याचा मुद्दा मी टाळत नाही. या चांदीत वजनाने निम्मा पाराच असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या २०१३च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानंतर जग तिच्यापासून दूर चाललं आहे, आणि युरोपियन संघात १ जानेवारी २०२५पासून मोजके वैद्यकीय अपवाद सोडता ती बंद आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी ती शक्यतो टाळावी, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०२०मध्ये सांगितलं. सुस्थितीतली जुनी चांदी उगाच उकरू नये, हेही त्यांनीच सांगितलं.

साधं सिमेंट, म्हणजे ग्लास आयोनोमर, दुधाच्या दातांना आणि हिरडीलगतच्या किडीला चांगलं. मोठ्यांच्या चावायच्या दाढेत मी ते कायमचं म्हणून धरणार नाही.

तेव्हा खालची दाढ, फटीतली मोठी कीड, आणि एफडीएच्या वरच्या यादीत तुम्ही बसत नसाल, तर मी आपला चांदी मिळते का ते आधी विचारेन. पुष्कळ खासगी दवाखान्यांत ती आता ठेवत नाहीत. सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करायला हरकत नाही. कॉम्पोझिटच ठरलं तर रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा) आणि रिंग वापरणार का, हे आधीच विचारा. आणि खुर्चीतून उठण्यापूर्वी फ्लॉसचा दोरा त्या फटीतून घालून घ्या. तो जरा अडून ‘टक्’ करून खाली उतरायला हवा. सुळकन गेला तर तिथल्या तिथे सांगा.